उन्हाळ्याची सुट्टी आणि समुद्रकिनारा : व्यापाऱ्याने कोठे जावे, केव्हा जावे?

मे महिना लागला की भिवंडीत आम्हाला रात्री लवकर झोप येत नाही. कारण एवढेच की लूमचा आवाज कमी झालेला असतो. कारागीर मंडळी उत्तर प्रदेश-बिहारात आपापल्या मुलुखात निघून जातात, निम्मे कारखाने एका पाळीवर येतात, दलालांचे फोन थंडावतात आणि ग्रे कापडाचे तागे गोदामात जसेच्या तसे पडून राहतात. लग्नसराईचा माल तर आधीच दुकानदारांकडे पोहोचलेला असतो. असे असूनही आम्ही व्यापारी लोक सकाळी दहाला पेढीचे शटर उघडून बसतो आणि चहा पीत संध्याकाळ करतो. मुलांच्या शाळा बंद, घरातील मंडळी कंटाळलेली, आणि आम्ही "धंदा सोडून कसे जायचे?" म्हणून अडून बसलेले. ज्या दिवसांत धंदाच नाही, त्या दिवसांत धंदा सोडून जाण्याची चिंता करणे हे आमच्या बिरादरीचे जुने दुखणे आहे.

याला एक कारण होते, तेही सांगितले पाहिजे. कापडाच्या धंद्यात रमजान ईद हा वर्षाचा मोठा हंगाम. चांदचे वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ईद दरवर्षी तेवढीच अलीकडे सरकते. २०१९ साली ईद ५ जूनला होती, २०२१ साली १४ मेला, २०२२ साली ३ मेला. म्हणजे ती काही वर्षे शाळेची सुट्टी आणि आमचा हंगाम एकमेकांवर आदळत होते. त्या काळात कोणी कापड दुकानदार उन्हाळ्यात कोठे गेला असेल असे आम्हाला वाटत नाही. २०२४ साली ईद ११ एप्रिलला झाली, २०२५ साली ३१ मार्चला. हंगाम आता सुट्टीच्या आधीच उरकतो आणि पुढची बरीच वर्षे हाच क्रम राहणार आहे. एप्रिल-मे मोकळे मिळत आहेत. बकरी ईद मात्र त्याच सुमारास येते, म्हणून तारखा ठरविताना तेवढे पाहून घ्यावे.

आम्ही स्वतः पहिली सुट्टी काढली ती कशी, ते सांगतो, म्हणजे इतरांनी ती चूक करू नये. काही वर्षांपूर्वी मुलांच्या अम्मीने फार आग्रह केला म्हणून आम्ही कोकण किनाऱ्यावरील एका गावी चार दिवसांसाठी गेलो. गाव निवडताना आमच्या मनात एक हिशेब होता. तेथील एका दुकानदाराकडे आमची जुनी उधारी अडकली होती. म्हटले, फिरणेही होईल आणि वसुलीही होईल. झाले असे की चारपैकी तीन दिवस आम्ही त्या दुकानदाराच्या गादीवर बसून काढले. तो रोज "उद्या नक्की" म्हणायचा. मुले समुद्रावर गेली ती मामाबरोबर. पैसे मिळाले नाहीत ते नाहीतच, आणि परतीच्या गाडीत घरच्यांपैकी कोणी आमच्याशी बोलले नाही. तेव्हापासून वसुलीची वही आम्ही घरी ठेवून निघतो.

आता जागांकडे वळू. आमच्या पसंतीत पहिला क्रमांक मुरूड-जंजिऱ्याचा आहे आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणार आहोत.

उर्दू शाळेत जुगराफियाच्या पुस्तकात आम्ही 'जझीरा' हा शब्द शिकलो होतो. चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन म्हणजे जझीरा. याच अरबी शब्दाचा कोकणी उच्चार 'जंजिरा' झाला. म्हणजे 'जंजिरा बेट' म्हणणे हे 'बेट बेट' म्हटल्यासारखे आहे, पण लोक म्हणतात. मुरूड हे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, मुंबईपासून रस्त्याने सुमारे १६५ किलोमीटर. गावाला लांब, सपाट किनारा आहे. त्याच्या दक्षिणेस चार-पाच किलोमीटरवर राजपुरी हे कोळी आणि मुस्लिम वस्तीचे खेडे, आणि राजपुरीसमोर समुद्रात सिद्दींचा किल्ला. सिद्दी हे मूळचे हबशी, आफ्रिकेतून आलेले. दर्यावर त्यांची हुकूमत अशी की छत्रपती शिवाजी महाराजांना आणि नंतर संभाजी महाराजांनाही हा किल्ला घेता आला नाही. १६८२ साली संभाजी महाराजांनी तर समुद्रात भराव घालून किल्ल्यापर्यंत वाट करण्याचा प्रयत्न केला होता. सिद्दींचे हे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले.

राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता आहे. होडी अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा मुख्य दरवाजा दिसतच नाही, बुरुजांच्या आड तो अशा खुबीने लपविला आहे. आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. चारी बाजूंना खारे पाणी आणि मधोमध पिण्याचे पाणी ही कुदरतीची करामतच. कलालबांगडी नावाची प्रचंड तोफ बुरुजावर अजून आहे. मुलांना ती दाखवावी, पण तिच्यावर चढून फोटो काढण्याची हौस आवरावी. एक सूचना वृद्ध मंडळींसाठी : दरवाजाशी होडी लाटांवर खालीवर होत असते आणि पायऱ्यांवर पाय टाकण्याचा क्षण नेमका साधावा लागतो. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी राजपुरीतूनच किल्ला पाहावा. शुक्रवारी जुम्याच्या वेळी दुपारी होड्या थांबतात, हेही लक्षात ठेवावे. राजपुरीजवळच खोकरी येथे सिद्दी सरदारांच्या दगडी कबरी आहेत. तिकडे फार कमी लोक जातात, आणि त्यामुळेच तेथे शांतता आहे. नबाबाचा राजवाडा रस्त्यावरून दिसतो, पण ती खाजगी मालमत्ता आहे, आत जाण्याचा हट्ट धरू नये.

केव्हा जावे, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर, साधारणपणे मेच्या अखेरीस, किल्ल्याच्या होड्या बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. गेट वे ते मांडवा या लाँचही त्याच काळात बंद असतात. आम्ही एका वर्षी "अजून मे संपला नाही" म्हणून शेवटच्या दिवसांत गेलो. वारा सुटला होता, समुद्र खवळला होता, होडीवाल्याने हात जोडले. नातवाने दोन तास किनाऱ्यावर बसून किल्ला पाहिला आणि संध्याकाळपर्यंत रडला. म्हणून आमचे सांगणे असे की २० मेच्या आत जाऊन यावे. आंबा तेव्हा भरात असतो, करवंदे-जांभळे रस्त्यावर विकायला असतात आणि समुद्रही पुष्कळसा शांत असतो.

जाण्याचा मार्ग आता पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. मार्च २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसह नेणारी रो-रो बोट सुरू झाली. सुमारे तासाभरात मोटारीसकट पलीकडे उतरता येते आणि पनवेल-पेणची गर्दी टळते. पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड असा किनाऱ्याचा रस्ता आहे. मुरूडच्या पुढे आगरदांड्याहून दिघीला खाडी ओलांडणारी फेरीबोट मिळते, तीही मोटार घेऊन जाते. दिघीहून श्रीवर्धन जवळ.

भरती-ओहोटी आणि चांदची तारीख

समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबप्रमुखाने एक गोष्ट शिकून घेतलीच पाहिजे, ती म्हणजे भरती-ओहोटीचा हिशेब. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तरुण मुले, घरून हसत निघालेली. किनारा सपाट आणि उथळ दिसतो, म्हणून माणूस बेफिकीर होऊन आत चालत जातो. ओहोटीचे पाणी परतताना पायाखालची वाळू ओढते, आणि पोहणारासुद्धा मागे येऊ शकत नाही. पाणी उतरू लागले की मुलांना बाहेर काढावे, मग ती कितीही रडोत.

हिशेब अवघड नाही. कोळी लोक तिथीला तीनने गुणतात आणि चारने भागतात, येणारा आकडा म्हणजे भरतीची वेळ. आपल्याकडे चांदची तारीख सर्वांना ठाऊक असते. ती तिथीच्या साधारण एक दिवस मागे असते, म्हणून तिच्यात एक मिळवावा. समजा चांदची ७ तारीख आहे. एक मिळवला की ८. त्रिक २४, भागिले ४, उत्तर ६. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. चांदची ११ असेल तर १२ गुणिले ३, भागिले ४, म्हणजे ९. चौदावीनंतर तारखेतून १४ वजा करावेत आणि जो आकडा येईल तो तसाच धरावा, पुन्हा एक मिळवू नये. २० तारीख असेल तर ६, आणि भरती साडेचारला. हा अंदाज आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. पक्की वेळ तेथील कोळ्यालाच विचारावी. पण अंदाज असला म्हणजे माणूस विचारण्याचे लक्षात तरी ठेवतो.

मुंबईकरांना हे नवे नाही. हाजी अलीच्या दर्ग्याची वाट भरतीला पाण्याखाली जाते हे लहान मूलही जाणते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे तसेच आहे. ओहोटीला चालत जाता येते, भरतीला नाही. मात्र येथे एक बारीक गोष्ट आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जेवढे चढते तेवढेच खालीही उतरते. चांदच्या सातव्या-आठव्या तारखेला भांगाची भरती असते, पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. म्हणून कुलाबा किल्ल्यात पायी जायचे तर चांदची २ ते ४ किंवा १६ ते १८ या तारखा चांगल्या. त्या दिवसांत सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ओहोटी असते, ऊनही कमी असते. आत जाऊन गप्पा मारीत बसू नये. पाणी परत येताना कोणाला विचारून येत नाही.

श्रीवर्धनपासून दाभोळपर्यंत

श्रीवर्धन पूर्वी जंजिरा संस्थानातच होते. येथील सुपारी नावाजलेली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. पोफळीचे नवे रोप लावल्यावर फळ यायला बरीच वर्षे जातात. ज्या घरांची सारी कमाई बागेवर होती, त्यांना पाहुण्यांसाठी खोल्या काढणे भाग पडले. म्हणून आमचे मत असे की श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागात मोठ्या हॉटेलापेक्षा घरगुती निवासात राहावे. पैसा योग्य घरी जातो आणि जेवणही घरचे मिळते.

जेवणावरून आठवले. कोकणी मुस्लिम घरात उतरलात तर तांदळाची भाकरी, नारळाच्या दुधाबरोबर सांदण आणि ताजी मासळी हमखास. हलालचा प्रश्न मनात येण्याचे कारण नाही. पण आमच्यासारख्या हनफी माणसाची थोडी पंचाईत होते. कोकणी बांधव शाफई असल्यामुळे ते चिंबोरी मोठ्या प्रेमाने पुढे ठेवतात, आणि आम्ही ताटाकडे पाहत बसतो. एकदा यजमानाच्या वृद्ध आईने हे ओळखले आणि हसून म्हणाली, "बेटा, तुझ्यासाठी सुरमई तळली आहे, ती खा. चिंबोरी मुलांना राहू दे." उतरण्यापूर्वीच यजमानाला सांगून ठेवले की दोघांचीही अडचण होत नाही.

हर्णै बंदरात मासळीचा लिलाव बघण्यासारखा असतो. आम्ही आयुष्यभर कापडाचा भाव करीत आलो, पण हर्णैच्या कोळणींपुढे आमची हिंमत झाली नाही. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग आहे. दापोली उंचावर असल्याने रात्री हवा बरी असते, आणि १९७२ पासून तेथे कोकणचे कृषी विद्यापीठ आहे.

पण कापड व्यापाऱ्याने खरोखर पाहावे ते दाभोळ. दाभोळ म्हटले की लोकांना एन्रॉनचा वीज प्रकल्प आठवतो. तो मुळात खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात आहे. अलीकडचे दाभोळ हे वाशिष्ठी नदीच्या मुखावरचे जुने बंदर, बहामनी आणि नंतर आदिलशाही काळात दख्खनचा मोठा दरवाजा. घाटावरचे कापड येथून गलबतात चढत असे आणि अरबस्तानातून घोडे उतरत. १४७० च्या सुमारास अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी बहामनी राज्यात फिरला, त्याने दाभोळच्या घोड्यांच्या व्यापाराची नोंद केली आहे आणि तो परत निघाला तोही याच बंदरातून. हजला जाणारे लोक येथे जहाजाची वाट पाहत थांबत. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी शहर जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. धक्क्याजवळ आदिलशाही काळातील दगडी मशीद आहे, घुमट आणि चार मिनारांची, १६५९-६० च्या सुमाराची. गावात तिला अंडा मशीद म्हणतात. विजापूरची शहजादी हजला निघाली होती, समुद्रात लुटारूंची भीती असल्याने तिला येथेच थांबावे लागले, आणि बरोबरचा पैसा तिने मशिदीला लावला, अशी हकीकत सांगतात. आम्ही तेथे असरनंतर बराच वेळ बसलो. ज्या धंद्यावर आमचे घर चालते त्याच धंद्यावर हे शहर चालले होते, आणि आज तेथे दोन-चार दुकाने आणि फेरीबोटीचा धक्का. २००३ पासून दाभोळ ते धोपावे अशी मोटार नेणारी फेरीबोट चालते, तिने खाडी ओलांडली की गुहागर.

दूर जाण्याची ऐपत आणि सवड असेल त्यांच्यासाठी केरळचा किनारा आहे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, तेव्हापासून कोझिकोडला सरळ गाडीने जाता येते. हेच जुने कालिकत, ज्याच्या नावावरून कॅलिको कापडाला नाव पडले. जवळच बेपोर येथे 'उरू' म्हणजे लाकडी जहाजे हाताने बांधतात. सुतारकाम करणाऱ्या बांधवांनी ते जरूर पाहावे.

लक्षद्वीपबद्दल बरेच जण आम्हाला विचारतात. ३६ बेटे, त्यांतील १० वस्तीची, सगळी मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. रहिवासी जवळजवळ सर्व मुस्लिम, भाषा मलयाळम, फक्त मिनिकॉयवर महल. कवरत्तीच्या उजरा मशिदीतील लाकडी नक्षीकाम मशहूर आहे. पण तिकीट काढून निघालो असे तेथे चालत नाही. आधी प्रवेशाचा परवाना लागतो, त्यासाठी पोलीस दाखला लागतो. जहाज किंवा विमान कोचीहून. जागा थोड्या, खर्च भरपूर, आणि मेच्या मध्यानंतर समुद्र बिघडू लागतो. ज्यांना एप्रिलमध्ये जायचे आहे त्यांनी जानेवारीतच हालचाल करावी. कच्छच्या मांडवीचीही तारीफ होते, पण मेमध्ये तिकडे जाणे म्हणजे तव्यावर बसणे. ते दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवावे, म्हणजे भूजजवळ अजरखपूरला खत्री बांधवांचे छपाईचे काम पाहता येईल.

थोडे धंद्याचे

किनाऱ्यावर जी घरगुती निवासस्थाने निघाली आहेत त्यांच्या चादरी आम्ही धंद्याच्या नजरेने पाहतो, ही सवय सुटत नाही. बहुतेक ठिकाणी चूक तीच. मालकाने शहरातून जाड सुती, गडद रंगाची चादर आणलेली असते. किनाऱ्याची हवा दमट, ती चादर लवकर वाळत नाही, कुबट वास धरते, आणि खारट वाऱ्यात व उन्हात रंगही उडतो. अशा जागी सूत आणि पॉलिस्टरच्या मिश्रणाची, पांढरी किंवा फिकट चादर ठेवावी. ती धुऊन लवकर वाळते आणि डाग लपत नसल्याने पाहुण्याचा विश्वास बसतो. प्रत्येक बिछान्यामागे तीन जोड हवेत : एक अंथरलेला, एक धोब्याकडे, एक कपाटात. टॉवेल मात्र शुद्ध सुती, सोलापूरचा टेरी घ्यावा. पाणी शोषले नाही तर टॉवेल कशाचा? ज्या कारागिरांकडे लहान लूम आहेत त्यांनी एप्रिलची वाट न पाहता डिसेंबर-जानेवारीत नमुने घेऊन या गावांत एक फेरी मारावी. उधारी एका हंगामापुरतीच द्यावी, कारण पावसाळ्यात त्या बिचाऱ्यांकडेही पैसा नसतो.

कोकणात कित्येक चांगली घरे आखातात गेलेल्या मालकांची, कुलूप लावून पडलेली आहेत. दोन खोल्या दुरुस्त करून पाहुण्यांना दिल्या तर घराची डागडुजी तरी निघेल. पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे, तिच्यात नोंदणी करून घ्यावी. नोंदणी असली म्हणजे पाहुणाही निर्धास्त असतो. आमच्या एका मेहुण्याने मागे फोनवर कोणाशी बोलून खोलीची पूर्ण रक्कम आगाऊ पाठविली. बायको-मुले घेऊन तेथे पोहोचल्यावर कळले की त्या पत्त्यावर मासे सुकविण्याचे पटांगण आहे. म्हणून आगाऊ रक्कम थोडीच द्यावी आणि त्याआधी गावातील ओळखीच्या दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी. कापडाच्या धंद्यात असा ओळखीचा दुकानदार नाही असे किनाऱ्यावर एकही गाव नसेल. फक्त त्याच्याकडे जुनी उधारी असेल तर फोन दुसऱ्याकडून करवावा.